डाव्या पायाने सुरुवात करणाऱ्या सात बाया

दादा,

तुझ्या अंत्यविधीला म्यूट करायला कोणी नव्हतं. आत फक्त तीस माणसांना परवानगी होती. मला तीन दिवस खोकला होता, म्हणून त्या तिसांत तुझी सख्खी बहीण नव्हती. मी इथे हार्लेमला, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, पांढरा ड्रेस घालून लॅपटॉपसमोर बसले होते. इथल्या मराठी मंडळातल्या कुणीतरी तिकडे आइंडहोवनला फोन स्टँडवर लावून झूम चालू केलं होतं. गुरुजी मंत्र म्हणत होते आणि कुणाच्या तरी घरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मी मोजल्या, चार झाल्या. मग एक बाई म्हणाली, "अगं, टोकोच्या दुकानात आज कढीपत्ता आलाय फ्रेश." त्यावर एक पुरुष म्हणाला, "अँगल चुकलाय, काही दिसत नाहीये." शनिवारी माझ्या नाचाच्या ऑनलाइन वर्गात एखाद्या आईचा मिक्सर सुरू झाला की तू दोन सेकंदांत तिला गप्प करायचास. तुझ्या वेळी मात्र सगळे शेवटपर्यंत बोलत राहिले.

आता याच लोकांनी मला फोन केलाय. गुढीपाडव्याच्या अंकात तुझ्यावर पान करायचंय म्हणे, "ताई, दोन शब्द लिहा ना, त्यांच्यातल्या कलाकाराबद्दल." कलाकार! मंडळाच्या ग्रुपवर तुझ्या लाकडी नर्तकींचे फोटो फिरतायत, खाली हात जोडलेले आणि कमळं. "काय ती नजाकत," असं एकाने लिहिलंय. त्या माणसाने आयुष्यात नाच पाहिला असेल तर तो लग्नाच्या वरातीतला. मी तीस वर्षं भरतनाट्यम शिकवतेय, त्यामुळे कुणीतरी खरं सांगायला हवं तर ते मीच सांगते. दादा, तुझ्या नर्तकी वाईट होत्या. हे मी तुझ्या तोंडावर सात वेळा सांगितलं आहे, तेव्हा मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलल्याचं पाप मला लागत नाही.

वाचणाऱ्यांसाठी सांगते, कारण मंडळातल्या निम्म्यांना वाटतं की तू छिन्नी-हातोडी घेऊन बसायचास. पहिल्या लॉकडाऊनमध्ये तुझी कंपनी घरी बसवून काम करून घ्यायला लागली आणि तुला जाण्यायेण्याचे दोन तास मोकळे मिळाले. दुसऱ्या कुणी पाव भाजले असते. तू एका म्हाताऱ्या डच माणसाकडून जुनी स्क्रोल सॉ आणलीस, म्हणजे शिवणयंत्राच्या सुईसारखं बारीक पातं वरखाली करणारी करवत, आणि मागच्या अंगणातल्या सायकलींच्या शेडमध्ये मांडलीस. वहिनीच्या सायकली पावसात गेल्या. कागदावरचं चित्र बर्च प्लायवर डिंकाने चिकटवायचं, आतली जागा कापायची असेल तिथे ड्रिलने भोक पाडायचं, पातं सोडवून त्या भोकातून ओवायचं, पुन्हा ताणायचं आणि मग कापायचं. एका नर्तकीला अशी पंधरा-वीस भोकं. हे तू मला फोनवर इतक्यांदा सांगितलंस की मी झोपेतही एखादी बाई कापून काढीन.

पहिली एप्रिलमध्ये पोस्टाने आली. पोस्टमनने ती शेजारच्या आजोबांकडे ठेवली आणि त्यांनी दीड मीटरवरून माझ्या दारात सरकवली. मी उघडली. वीतभर उंचीची बाई, अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर काढून अर्धी बसलेली, एक पाय बाजूला पसरलेला, एक हात डोक्यापाशी. मी तुला लगेच फोन लावला.

"दादा, हिचं डोकं दुखतंय का?"

"का गं?"

"हात कपाळाला चिकटलाय."

"जोड ठेवायला लागतो सुमे. नाहीतर बोट तुटतं. प्लायची नस आडवी असते तिथे."

"मग दुसरं काही काप. हत्ती काप. हत्तीला बोटं नसतात."

तू हसलास. तुझं ते हसणं मला कधीच आवडलं नाही. समोरच्याचा अपमान जणू आपल्याला झालेलाच नाही असं दाखवणारं, कंपनीच्या मीटिंगमध्ये शिकलेलं हसणं होतं ते.

मग दर महिन्याला एक येत गेली. मे, जून, जुलै. सगळ्या त्याच पोझमध्ये. मी विचारलं, "तुला एकच चित्र सापडलं का रे?" तू म्हणालास, "हाच आकार नीट जमवायचाय." नीट कसला जमतोय! कमरेला माप नाही, मान पुढे आलेली. जूनच्या बाईला मी पोतं म्हणाले, ऑगस्टच्या बाईला डालड्याचा डबा. आणि सगळ्यात संतापजनक म्हणजे सगळ्यांनी डावा पाय पसरलेला. भरतनाट्यमचा कुठलाही अडवू, म्हणजे मूळ पदन्यास, उजवीकडून सुरू होतो. पहिल्या दिवशी आलेल्या सहा वर्षांच्या पोरीला मी हे शिकवते. तुझ्या बाया मात्र हटकून डाव्या. सप्टेंबरची आली तेव्हा माझा वर्ग नुकताच संपला होता आणि पालक अजून स्क्रीनवर होते. मी ती बाई कॅमेऱ्यासमोर धरली आणि सगळ्यांना म्हणाले, "बघा, माझे बंधुराज. चाळीस वर्षं इंजिनिअर आणि उजवं-डावं कळत नाही." सगळे हसले. तू होस्ट होतास, कोपऱ्यातल्या चौकोनात. तूही हसलास आणि म्हणालास, "मी आपला दिसतं तसं कापतो."

ते वाक्य मी तेव्हा ऐकलंच नाही.

तू माझ्या वर्गात का असायचास तेही सांगते. मला ते झूम झेपत नव्हतं. मार्चमध्ये शाळेचा हॉल बंद झाला आणि माझ्या सतरा मुली घरोघरी अडकल्या. तू म्हणालास, "तू नाच, बटणं मी बघतो." त्या दिवसापासून दर शनिवारी सकाळी दहाला तू तिकडून वर्ग सुरू करायचास, मुलींना आत घ्यायचास, रेकॉर्डिंग करून पालकांना पाठवायचास. एकदाही चुकला नाहीस. मुली तुला मामा म्हणायच्या. "मामा, आय कान्ट सी ताईज फीट," असं एखादी म्हणाली की तू मला म्हणायचास, "सुमे, लॅपटॉप खाली कर, पाय दिसत नाहीयेत." आभार मी कधी मानले नाहीत. भावाचे आभार मानायची आपल्याकडे पद्धत नाही, आणि नसलेल्या पद्धतीचा मला फार फायदा झाला.

चिंचवडच्या दोन खोल्यांत तू हेच करायचास. संध्याकाळी मी शाळेतून आले की तुझं टेबल भिंतीला लावायचास, आईची ट्रंक पलंगाखाली ढकलायचास आणि मला सहा फरश्या रिकाम्या करून द्यायचास. मग पट्टी घेऊन ताल धरायला बसायचास. दहावीचं वर्ष होतं तुझं. खालच्या मजल्यावरचे काका काठीने छत ठोकायचे आणि तू म्हणायचास, "जोरात आपट पाय, त्यांना ताल कळू दे." पट्टी तुटली तेव्हा तू बाबांना सांगितलंस की शाळेत तुटली. मार तूच खाल्लास. बघ, हे लिहिताना मला तुझा राग येतोय. इतकं चांगलं वागून ठेवणाऱ्या माणसाला नावं ठेवायची तरी कशी?

तरी ठेवते. दिवाळीच्या आधी तू केलेला फोन मला अजूनही माफ करता येत नाही.

मी वर्गाचा कपडेपट आवरत होते. तू इकडचं तिकडचं बोललास, वहिनीच्या सायकलीला गंज लागला वगैरे, आणि मग म्हणालास, "सुमे, तुझा उजवा गुडघा दुखतोय का?"

मी म्हटलं, "नाही."

"आत जातोय तो. पूर्वीसारखा बाहेर उघडत नाही. हाउसआर्ट्सला दाखव एकदा, डॉक्टर बघेल तरी."

आता खरं लिहिते, कारण आता तू वाचत नाहीस. गुडघा मार्चच्याही आधीपासून दुखत होता. जिना मी एक-एक पायरीने चढत होते. वर्गाआधी दोन पॅरासिटामॉल घेत होते. उन्हाळ्यात हॉल उघडला तरी मी "ऑनलाइनच बरं, पालकांची सोय होते" म्हणत राहिले, कारण स्क्रीनवर एकदा करून दाखवलं की बाकीचा तास खुर्चीत बसून ओरडता येतं. हे कुणाला माहीत नव्हतं, घरी नवऱ्यालाही नाही. मी या देशात नवऱ्याच्या परमिटला जोडलेला कागद म्हणून आले. इथे माझं म्हणावं असं एकच उभं राहिलं, तो वर्ग. ज्या बाईला अरमंडीत बसता येत नाही तिने अरमंडी शिकवायची कशी? डॉक्टर एकच सांगणार, बंद करा. ते ऐकायला लागू नये म्हणून मी गेले नाही.

आणि तू, पट्टीने ताल धरणारा माणूस, दीडशे किलोमीटरवरून मला सांगत होतास की माझी अरमंडी मोडली आहे. मी म्हणाले, "तू लाकूड काप. नाचातलं तुला काही कळत नाही, उजवं-डावंसुद्धा कळत नाही. आणि त्या तुझ्या म्हशी पाठवणं बंद कर, माझ्याकडे शेकोटी नाही जाळायला."

तू नुसतं "बरं," म्हणालास.

भाऊबीजेला तुझा व्हिडिओ कॉल आला. दरवर्षी मी आइंडहोवनला यायचे, पण यंदा दोघांनी ठरवलं होतं की स्क्रीनलाच ओवाळायचं. तबक तयार होतं, निरांजन लावलेलं होतं, सुपारीही ठेवली होती. फोन वाजत राहिला आणि मी तबकासमोर बसून राहिले. माझा रुसवा तुला कळावा इतकीच माझी इच्छा होती. संक्रांतीला बोलू नाही तर गुढीपाडव्याला बोलू, भाऊ कुठे पळून जातोय, असा हिशेब. निरांजन मी फुंकरीने विझवलं. आईने पाहिलं असतं तर हात उगारला असता. दुसऱ्या दिवशी तुझी ओवाळणी पोस्टाने आली: सातवी बाई. मी तुला एक शब्द पाठवला, "मिळाली." तू अंगठा पाठवलास.

मग तुला ताप आला. मग हॉस्पिटलने वहिनीला दारातूनच परत पाठवलं आणि तुला आत घेतलं. मग एका दुपारी नर्सने टॅबलेट तुझ्यासमोर धरला. तोंडावर मास्क, केस विस्कटलेले, आणि तो हॉस्पिटलचा गाउन तुला इतका मोठा होता की तू बाबांचा शर्ट घातलेला पोरगा दिसत होतास. मी बोलायला लागले. तुला रागावले आधी, काळजी घेत नाहीस म्हणून, आणि मग एका दमात म्हणाले, "दादा, चुकलं माझं. भाऊबीजेला मुद्दाम उचलला नाही फोन. चुकलं." आणि तू बोट वर करून कानाला लावलंस. मग पुन्हा कानाला. मला वाटलं कान दुखतोय.

माझा माइक बंद होता.

सुरू केला तेव्हा माझ्या तोंडून आलं, "येतोय का आवाज?" तू मान हलवलीस. आणि मग मी म्हणाले, "जेवलास का?" एकदा म्हणून झालेलं पुन्हा म्हणता आलं नाही रे. इतकी मी थोर! नर्सने सांगितलं, त्यांना विश्रांती हवी. तुला व्हेंटिलेटरवर ठेवलं ते त्याच संध्याकाळी, आणि पुढचं मंडळाच्या ग्रुपवर सगळ्यांनी वाचलं आहे.

तेराव्यानंतर वहिनी आली. खिडक्या उघड्या ठेवून आम्ही दोघी कोट घालून बसलो. तिने चहा घेतला नाही, मास्क काढायला नको म्हणून. "शेड आवरली," म्हणाली, "सायकली आत ठेवल्या." मग पिशवीतून एक फाइल काढली. "हे तुमचंच आहे म्हणून आणलं. ते म्हणायचे, सुमीला दाखवू नकोस, ती मारेल."

फाइलमध्ये कागद होते. शनिवारच्या रेकॉर्डिंगमधून काढलेले प्रिंटआउट. माझी बैठकीची खोली, माझा निळा पडदा, मागे पुस्तकांचं कपाट, आणि मध्ये मी, अरमंडीत. प्रत्येक कागदावर तू माझ्याभोवती पेन्सिलने रेघ काढली होतीस. पोट माझं, पुढे आलेली मान माझी. डोक्यापाशी नेलेला हातही माझाच, मुलींना दाखवताना चष्मा सावरायची माझी सवय. एप्रिल, मे, जून. पोतं मी, डालड्याचा डबा मी.

आणि डावा पाय. दादा, हे मला कळायला हवं होतं, जगात इतर कुणाला नाही तरी मला. मुलींसमोर तोंड करून शिकवणारी बाई उलटी नाचते. ती डावा पाय टाकते म्हणजे समोरच्या मुली आरशात बघितल्यासारखा उजवा टाकतात. स्टेजवर कुणी डावीकडून सुरू करत नाही, पण वर्गातली ताई रोज करते. सात महिने तू मला डाव्या पायाच्या बाया पाठवत होतास, म्हणजे सात महिने सांगत होतास की ही शिकवणारी आहे. आणि मी तीस मुलाबायांसमोर तुझी अक्कल काढली.

"ते मागे काहीतरी लिहायचे," वहिनी म्हणाली. मी कपाटातून सातही बाया काढल्या. हो, काढल्या, जाळल्या नव्हत्या, पण जुन्या घुंगरांच्या डब्याखाली टाकल्या होत्या. प्रत्येकीच्या पाठीवर पेन्सिलने महिना होता आणि एक आकडा. मी ते आधी पाहिलं होतं आणि वाटलं होतं, करवतीच्या टेबलाचा काही कोन असेल. तो माझ्या गुडघ्याचा कोन होता. उजव्या पायाची मांडी आणि पोटरी यांच्यावर कोनमापक ठेवून तू दर महिन्याला मोजत होतास. आकडा दर महिन्याला थोडा थोडा बदलत गेला होता. तुझ्या यंत्रांच्या धंद्यात एखादा भाग झिजायला लागला की असंच करतात ना? बंद न पाडता, आवाज न करता, नोंदत राहायचं. आणि नक्की झाल्यावरच मालकाला सांगायचं.

मालकिणीने तुला लाकूड कापायला सांगितलं.

वहिनी गेल्यावर मी खूप रडले आणि मग तुला खूप शिव्या दिल्या. तोंडाने सांगता येत नव्हतं? सात महिने कशाला लागतात? "सुमे, ही तूच आहेस" एवढं एक वाक्य म्हणाला असतास तर! मग लक्षात आलं, ऑगस्टच्या बाईला मी डबा म्हणाल्यावर ते वाक्य तू कसं म्हणणार होतास? मी स्वतःलाच नावं ठेवत होते आणि तू मला त्यातून वाचवत होतास. लहानपणीचा पट्टीचा मारही तूच खाल्ला होतास, त्यातलंच हे.

गेल्या आठवड्यात मी गेले. हाउसआर्ट्सने फिजिओकडे पाठवलं. तुझं ऐकलं म्हणून नाही, जिना चढवेना म्हणून; पण तू तसं समजलास तरी चालेल. फिजिओ विशीतली, माझ्याहून फूटभर उंच मुलगी. तिने मास्कवरून विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

मी सवयीने म्हणाले, "दोन-तीन आठवडे."

तिने गुडघा वाकवला. मी ओरडले. मग मी पिशवी उघडली आणि तिच्या टेबलावर तुझ्या सातही बाया ओळीने मांडल्या, एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत. ती वाकून बघत राहिली. एक उचलली, दुसरीवर ठेवली, उजेडात धरली. दोघींच्या बाकीच्या कडा जवळजवळ जुळत होत्या, फक्त नंतरच्या महिन्यातल्या बाईचा गुडघा आत सरकलेला दिसत होता. तिने पाठीवरचे आकडे वाचले, आपलं मोजायचं साधन आणलं, माझा पाय मोजला आणि वहीत काहीतरी लिहिलं. मग विचारलं की मी रोज असाच डावा पाय टाकून सुरुवात करते का. म्हटलं, हो, तीस वर्षं. ती म्हणाली, मग सगळा भार या उजव्या गुडघ्यावर येत गेला असेल. सहा आठवडे अरमंडी बंद, पण वर्ग बंद नाही. वर्ग खुर्चीतून घ्या, आणि पुढे कधीतरी मुलींकडे पाठ करून शिकवा, दुसऱ्या पायालाही काम मिळू दे. म्हणजे ज्याच्या भीतीने मी हे वर्षभर लपवलं, तसलं काही ती म्हणालीच नाही.

निघताना तिने शेवटची बाई, ओवाळणीतली, परत माझ्या हातात दिली. "ही कोण आहे?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "मी."

मंडळींनो, हे माझे दोन शब्द. कलाकार वगैरे तो नव्हता. त्या बायांच्या मागच्या बाजूला कुसळं आहेत, नीट घासलेली नाहीत, आणि हात तर त्याला शेवटपर्यंत जमले नाहीत. हात वाईटच आहेत, दादा, ते मी मागे घेत नाही.

बाकी चुकलं माझं. या वेळी माइक चालू आहे.